रासेयोच्या शिबिराला पहिल्यांदा निघताना

पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या की कॉलेजच्या सूचना फलकावर एक कागद लागतो. ‘राष्ट्रीय सेवा योजना, विशेष श्रमसंस्कार शिबिर, मु. पो. अमुक, ता. तमुक. इच्छुकांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे नावे द्यावीत.’ खाली सात दिवसांच्या तारखा. त्या कागदापुढे ‘जावं की न जावं’ करत उभ्या असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. मी पूर्वी स्वयंसेवक म्हणून जायचो, आता नोकरीतून सवड काढून मदतनीस म्हणून जातो. ज्या गोष्टी सरांना विचारायचा संकोच वाटतो आणि ज्या सांगताना सीनिअर तिखटमीठ लावतात, त्या इथे क्रमाने.

योजनेची ओळख थोडक्यात. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच रासेयो, सुरू झाली. दोन वर्षांसाठी नाव नोंदवायचं, दर वर्षी १२० तास नियमित उपक्रमांत भाग घ्यायचा आणि या काळात सात दिवसांचं एक निवासी शिबिर करायचं. २४० तास आणि शिबिर, दोन्ही पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र. बिल्ल्यावर जे चक्र दिसतं ते कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच ठिकाणी याचे श्रेयांकही (क्रेडिट) मिळतात. श्रेयांकासाठी आलात तरी काही बिघडत नाही. घमेलं उचलणाऱ्याला ‘का आलास’ म्हणून कुणी विचारत नाही.

नाव देण्याआधी

कार्यक्रम अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. गाव कुठलं, काम कुठलं, आणि ते काम ठरवलं कुणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळेच देतात. सगळं अडतं ते तिसऱ्यापाशी. काम कॉलेजात बसून ठरलं असेल तर शिबिरात गावातला एक माणूस तुमच्याबरोबर उभा राहणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा. तो पारावर बसून बघेल आणि सातव्या दिवशी समारोपाला टोपी घालून येईल.

शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधी पाहणीला जायचं असतं. तेव्हा ‘सर, मीही येऊ का?’ म्हणून मागे लागा. पाहणीला गेलेल्या मुलाला शिबिरात निम्मं कमी गोंधळायला होतं. तिथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक, गावात बहुतेक ठिकाणी त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणतात) भेटतातच. पण त्यांच्याशिवाय तिघांना आवर्जून गाठा: जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडीच्या सेविका आणि आशाताई. कुठल्या वस्तीवर सांडपाणी रस्त्यावर येतं, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुठला हातपंप फेब्रुवारीतच आटतो, हे आशाताईंना तोंडपाठ असतं. सरपंच सांगतात ते काम आणि आशाताई सांगतात ते काम वेगवेगळं निघालं, तर दोन्ही सरांच्या कानावर घाला.

आणखी एक. गावात दोन गट असतात. तीनही असतील, पण एकच गट असलेलं गाव अजून माझ्या पाहण्यात नाही. शिबिराला जागा दिलेल्याच्या वाड्यात रोज जेवणं आणि त्याच्याच शेताजवळ बंधारा असं झालं, तर उरलेल्या गावाने काय समजायचं ते समजून घेतलेलं असतं. मुक्काम शाळेत किंवा समाजमंदिरात असलेला बरा, आणि बंधारा कुठे घालायचा ते ग्रामसभेत किंवा निदान पाच-सहा जाणत्यांसमोर ठरलेलं बरं. तुम्ही विद्यार्थी, हे तुमच्या हातात नसतं हे खरं. पण गटनायक झालात तर बोलायचा हक्क आहे, तो वापरा.

घरून पालकांचं संमतिपत्र लागतं. त्यावर रक्तगट, चालू असलेली औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे ते खरं खरं लिहा. दम्याचा पंप लपवून आणणारी मुलं दर शिबिरात एक-दोन सापडतात. लपवण्यात काय मिळवतात देव जाणे.

पिशवीत काय घ्यायचं

मुक्काम बहुधा शाळेच्या वर्गखोलीत, सतरंजीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फरशी बर्फासारखी लागते, म्हणून अंथरायला जाड काहीतरी आणि पांघरायला त्याहून जाड. स्वतःचं ताट, वाटी, पेला, चमचा. पाण्याची बाटली, टॉर्च, टोपी. सुती, पूर्ण बाह्यांचे जुने दोन शर्ट किंवा कुर्ते, जे फाटले तरी हळहळ वाटणार नाही. बूट पायात मुरलेले हवेत. नवे बूट शिबिरात घालून पाहायचा विचार सोडून द्या. हातमोजे मिळाले तर घ्या. टिकावाचा दांडा पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आणतो आणि फोड आलेला हात पुढचे सहा दिवस कामाचा राहत नाही.

मुलींनी सॅनिटरी पॅड पुरेसे घ्यावेत, सोबत जुने वर्तमानपत्र आणि एक वेगळी पिशवी. गावात पॅड मिळेलच असं नाही, आणि वापरलेले कुठे टाकायचे हे पहिल्याच संध्याकाळी मॅडमना विचारून घ्या. शाळेच्या शौचकुपाच्या भांड्यात टाकलेला एक पॅड पुढे सगळ्या शाळेला महागात पडतो. शिबिरात मुली असतील तर मुक्कामाला एक प्राध्यापिका हव्यातच. त्या येणार आहेत ना, हे घरच्यांनी विचारण्याआधी तुम्हीच विचारून ठेवा.

दागिने, महागडी घड्याळं नकोत. मोबाइल न्याच, पण पन्नास जणांत चार्जिंगचे बोर्ड दोन असतात.

पहिला दिवस

गावात उतरल्याबरोबर श्रमदान नसतं. सामान लावायचं, पाणी भरायचं, गट पाडायचे. पन्नासजण असतील तर साधारण दहा-दहांचे पाच गट होतात आणि स्वयंपाक, पाणी, स्वच्छता, कार्यक्रम, श्रमदान ही कामं फिरती असतात. आपल्या वर्गातल्याच चौघांना घेऊन गट करू नका. सर तसं करू देणारही नाहीत.

दिवस साधारण असा जातो: साडेपाचला जाग, सहाला प्रार्थना आणि थोडा व्यायाम, प्रभातफेरी, नाश्ता, आठ ते साडेअकरा श्रमदान, आंघोळ, जेवण, थोडी पाठ टेकायची, दुपारी बौद्धिक सत्र, चहा, संध्याकाळी गृहभेटी, रात्री जेवण आणि सांस्कृतिक कार्यक्रम, शेवटी दिवसभराचा आढावा. आंघोळीला गरम पाणी मिळेल ही आशा घरीच ठेवून या. निम्मी मुलं दुसऱ्या दिवसापासून आंघोळीची गोळी घेतात. मातीत राबल्यावर ते कुणाला खपत नाही, विशेषतः शेजारी झोपणाऱ्याला.

बौद्धिक सत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. श्रमदान आणि जेवण करून आलेल्या मुलांसमोर दुपारी अडीच वाजता तासाचं भाषण ही वक्त्यालाही शिक्षा आणि ऐकणाऱ्यालाही. तुमच्या गटाला सत्र ठरवायला मिळालं तर गावातल्याच माणसाला बोलवा. दुग्ध संस्थेचा सचिव, बचत गटाच्या अध्यक्षा, विहीर खोदणारे वडार समाजातले काका. त्यांना प्रश्न विचारा. कुणी पेंगणार नाही.

गावातल्यांशी बोलताना साहेब-मॅडम करू नका. विदर्भात भाऊ, काकाजी. पश्चिम महाराष्ट्रात तात्या, अण्णा, मावशी, आजी. कुणी हाक कशी मारतं ते दोन तास ऐकलं की जमतं.

श्रमदान: कुठलं काम घ्यावं, कुठलं नको

सात दिवस आणि पन्नास न सरावलेले हात. त्यात काय होऊ शकतं याचा हिशेब मनात पक्का हवा. रस्ता होत नाही, सभागृह होत नाही. होतं ते असं.

सलग समतल चर हे शिबिराला सगळ्यात मानवणारं काम. गायरान किंवा टेकडीच्या उतारावर एकाच पातळीत आडवे चर खणायचे, साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल. पावसाचं धावणारं पाणी त्यात थांबतं, मुरतं आणि मातीही थांबते. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची. वर टाकली तर पहिल्या पावसात परत चरात येते.

यातली खरी कसोटी खणण्याची नाही, आखण्याची. चर पातळीत नसेल तर पाणी एका टोकाला धावतं, तिथे फुटतं आणि चराचा ओहोळ होतो. त्यासाठी ए-फ्रेम लागते, ती तिथेच बनवता येते. सहा-सात फुटांच्या दोन सरळ काठ्या वर एकत्र बांधा आणि खाली फाकवा. मध्यावर तिसरी आडवी काठी घट्ट बांधा. वरच्या गाठीतून सुतळीला दगड लटकवा. आता दोन्ही पाय जमिनीवर जिथे टेकलेत तिथे खुणा करा आणि सुतळी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे कोळशाने रेघ ओढा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर टेकवा आणि दुसरी रेघ ओढा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी रेघ, ती तुमची पातळी. पुढे एक पाय टेकवून ठेवायचा आणि दुसरा पाय पुढेमागे सरकवत सुतळी मधल्या रेघेवर आली की तिथे फक्की (खुणेची पांढरी पूड) टाकायची. असं करत पूर्ण उतार चालून जायचं. वाऱ्यात सुतळी हलते, म्हणून एकाने आडोसा धरून उभं राहायचं. पाच हजारांचं यंत्र जे करतं तेच हे तीन काठ्यांत होतं. गणिताच्या तासाला झोपणारी मुलं इथे एका रेघेवरून भांडताना मी पाहिली आहेत.

आखणी चालू असताना गुरं राखायला आलेलं कुणी ना कुणी जवळ येऊन बसतं. त्यांना विचारा, ‘जोराचा पाऊस झाला की पाणी कुठून येतं?’ एका उतारावर आम्ही निम्मा उतार फक्कीने रंगवला होता, तेव्हा एक आजोबा काठीने दाखवत म्हणाले, ‘पोरांनो, तिथं चर मारू नका, तिथं खाली कातळ आहे. पहार आपटून बघा.’ पहार आपटली तर ठणकन वाजली. अख्खी सकाळ वाचली.

दुसरं काम वनराई बंधारा. पावसाळा संपल्यावर ओढ्याला झुळझुळ पाणी असतं, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून आडवा बांध घालायचा. पाणी अडतं, आसपासच्या विहिरींना थोडं बळ येतं, गुरांना प्यायला मिळतं, रब्बीला एखादं पाणी जास्त देता येतं. ओढा डिसेंबरअखेर कोरडा पडत असेल तर हे काम घेऊच नका. ते दिवाळीच्या सुट्टीतलं काम आहे. रिकाम्या गोण्या आधीपासून गोळा कराव्या लागतात, गावात जिथे बांधकाम चालू असेल तिथे सांगून ठेवा. गोणी गच्च भरायची नाही, दोन तृतीयांशच. गच्च भरलेली गोणी गोल राहते आणि दोन गोण्यांमधून पाणी वाहतं, कमी भरलेली पसरून शेजारच्या गोणीला चिकटते. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. तळाचा गाळ काढून कडक थर लागला की त्यावर पहिला थर, वरचा थर सांधे चुकवून, भिंतीच्या विटा रचतात तसा. पाण्याच्या बाजूने चिकणमाती थोपायची, फटी बुजवायच्या, आणि वरून पाणी जायला मध्यभाग थोडा खाली ठेवायचा. गोण्या उचलताना रांग करून हातोहात द्यायच्या. एकट्याने खांद्यावर मारून पळायची हौस पाठीला भोवते.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. प्लॅस्टिकच्या गोण्या उन्हाने जीर्ण होतात आणि पहिल्या पुरात फाटून ओढाभर पसरतात. म्हणून बंधारा घालतानाच विचारा: मे महिन्यात या गोण्या काढायला कोण येणार? त्याला नाव आणि तारीख नसेल तर दोन महिन्यांच्या पाण्याच्या बदल्यात तुम्ही ओढ्याला कायमचा कचरा दिलात.

तिसरं, शोषखड्डे. घरामागे सांडपाणी साचून डास होतात, त्यावर हा उपाय स्वस्त आणि घरटी करता येण्यासारखा आहे. नांदेड जिल्ह्यात यातूनच ‘नांदेड पॅटर्न’ नावारूपाला आला: साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. याचा फायदा असा की पन्नास मुलं पाच-पाचांच्या गटांत एकेका अंगणात विखुरतात, त्या घरचे लोक हाताखाली येतात, चहा होतो, बोलणं होतं. मात्र खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून लांब हवा. आणि खड्डे गावातल्या सगळ्या वस्त्यांत काढा. शिबिरार्थी पहिलं फावडं कुठल्या वस्तीत मारतात आणि पाणी कुणाच्या घरचं पितात, याकडे गावाचं बारीक लक्ष असतं. गावकुसाजवळच्या वस्तीचा नंबर सहाव्या दिवशी ‘वेळ उरला तर’ येणार असेल, तर ती यादी पहिल्याच रात्रीच्या आढाव्यात बदलून घ्या.

आता नको ती कामं. डिसेंबर-जानेवारीत वृक्षारोपण करू नका. पाणी घालायला तुम्ही नसता, फेब्रुवारीत रोप माना टाकतं, मार्चमध्ये काडी उरते, आणि अहवालात मात्र ‘शंभर रोपे लावली’ असं कायमचं राहतं. झाडं लावायचीच असतील तर शिबिरात खड्डे खणा, त्यांना ऊन खाऊ द्या आणि जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपं घेऊन एका दिवसासाठी परत या. तसंच झाडूचं. गाव झाडणं ही गाडगेबाबांची वाट, तिला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण बाबा आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, फोटोपुरता झाडू हातात धरत नव्हते. रोज पहाटे एकच गल्ली, पण निगुतीने.

जुने कपडे आणि बिस्किटं वाटणं हेही नकोच. मुलं रांग लावतात, त्यांचे फोटो निघतात, आणि जाताना ती मुलं प्रत्येक पाहुण्याकडे हात पसरायला शिकलेली असतात.

चुलीपाशी

स्वयंपाकाला आचारी असेल तर तुमचं नशीब. बहुतेक शिबिरांत मुलंच करतात, म्हणून अंदाज सांगून ठेवतो. पन्नास राबलेल्या पोटांना खिचडीसाठी पाच किलो तांदूळ आणि दीड-दोन किलो डाळ लागते. पोहे करायचे तर साडेचार-पाच किलो. एका वेळच्या चहाला दूध-पाणी मिळून पाच लिटर. मिठाचा अंदाज एकाच माणसाने घ्यायचा. तिघांनी आपापल्या परीने मीठ घातलेली आमटी मी खाल्ली आहे.

भाकरी मुलांना जमत नाही, जमली तरी पन्नासजणांच्या होत नाही. अनेक गावांत घरटी दोन-तीन भाकरी गोळा करायची पद्धत आहे. एखाद्या गटाने संध्याकाळी टोपली घेऊन फिरायचं, बायका भाकरी देतात, वर ठेचा किंवा लोणचं ठेवतात. या फेरीला लाजू नका आणि ती एकाच आळीपुरती ठेवू नका. सगळ्या वस्त्यांतल्या भाकरी एका टोपलीत येतात आणि एका पंगतीत वाढल्या जातात. शिबिरातल्या कुठल्याही भाषणापेक्षा ती टोपली जास्त बोलते.

पिण्याचं पाणी गाळून, शक्य तर उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकून. सात दिवसांच्या शिबिरात पोटं बिघडायला एक माठ पुरतो.

गृहभेटी आणि सर्वेक्षण

कापूस वेचणी, ऊसतोड, रब्बीची राखण यांमुळे दिवसा घरं रिकामी असतात. सकाळी साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच जा. दोघं-दोघं जा, त्यात शक्य तर एक मुलगी असावी, म्हणजे घरातल्या बायका बोलतात. दारात उभं राहून आधी आपलं गाव, कॉलेज सांगा, बसायला सांगितलं तरच बसा.

छापील प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न बहुधा ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ असतो. तो शेवटी घ्या, किंवा घेऊच नका. खरं उत्तर कुणी देत नाही आणि त्यानंतर पुढच्या उत्तरांचीही गंमत होते. ‘पाणी कुठून आणता? दिवसाला किती खेपा? उन्हाळ्यात किती?’ इथून सुरू करा. त्या प्रश्नावर आजीसुद्धा पदर खोचून बोलायला लागते. आधार क्रमांक, बँकेचं पासबुक यांना हात लावायचा नाही. आणि काहीही कबूल करायचं नाही. ‘आम्ही वरती कळवू’ हे वाक्य तुम्हाला साधं वाटतं, ऐकणाऱ्याला ते आश्वासन वाटतं.

कुणी डोळ्यांसमोर दारू पिऊन बसलेला असेल तर त्याला व्यसनमुक्तीचं पत्रक देऊ नका. तुमच्याआधी आलेल्या दहाजणांनी दिलेलं असतं.

रात्रीचा कार्यक्रम

गावातली मुलं सातपासूनच येऊन पुढे बसतात. गॅदरिंगचे नाच उचलून आणू नका. गावात भजनी मंडळ असेल तर एक रात्र त्यांना द्या. लेझीम, भारूड, एखाद्या आजीच्या ओव्या, जे असेल ते. पथनाट्य करायचंच तर विषय दिवसभरात गावात दिसलेला घ्या. शोषखड्ड्यावरून दोन शेजाऱ्यांची जुंपते, एवढ्यावर पंधरा मिनिटं मजेत जातात, आणि ‘आपलंच गाव दाखवतायत’ म्हणून बायाबापड्या पदराआड हसतात. दहानंतर आवाज बंद. लोकांना पहाटे धारा काढायच्या असतात.

जिवाची काळजी

पहिला नियम: विहिरीत, ओढ्यात, तलावात, धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही. शिबिरात, सहलीत मुलं जातात ती अशीच. याला अपवाद नाही.

दगड हाताने उचलण्याआधी पहारीने उलटा. खाली विंचू असतो. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुलं दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर पुष्कळ जीव वाचू लागले. औषध वेळेत मिळायला हवं, म्हणून अंगाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं यांची वाट न बघता दवाखाना गाठायचा. साप चावला तर जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला घेऊन निघायचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. थंडीत साप कमी दिसतात, तरी अंथरूण झटकल्याशिवाय पडू नका आणि टॉर्चशिवाय बाहेर जाऊ नका.

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर आहे, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवा. खाली १०८.

सातवा दिवस आणि नंतर

समारोपाला पाहुणे येतात, त्याआधी अवजारं मोजा. गावातून आणलेली टिकाव, फावडी, घमेली, पातेली यांची यादी पहिल्या दिवशी केली असेल तर ती ज्याची त्याला, धुऊन परत जातात. नसेल केली, तर एक घमेलं हमखास कमी भरतं आणि पुढच्या शिबिराला ते घर दार उघडत नाही. वर्गखोल्या झाडून पुसून बाकं होती तशी लावा. फळ्यावरची पटसंख्या आणि सुविचार पुसू नका, गुरुजींनी सुबक अक्षरात लिहिलेले असतात.

सर्वेक्षणाचे आकडे कॉलेजच्या अहवालात जातात, तिथे ते कपाटात निजतात. त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि ठळक गोष्टी समारोपात गावासमोर वाचून दाखवा. ‘चाळीस घरांना उन्हाळ्यात पाण्यासाठी लांब जावं लागतं’ असा आकडा सगळ्यांसमोर आला की पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी तो उचलतं. घरी गेल्यावर आपल्या तासांची नोंद डायरीत करून सही घ्या. दोन वर्षांनी प्रमाणपत्राच्या वेळी हीच डायरी शोधत धावाधाव होते.

कॉलेजात रासेयो नसेल तर

आधी प्राचार्यांकडे रासेयोच्या स्वयंअर्थसहाय्यित एककाबद्दल (युनिट) विचारा. विद्यापीठाच्या रासेयो विभागाकडून ते मिळवता येतं, फक्त खर्च कॉलेजला उचलावा लागतो. केंद्र सरकारचं ‘माय भारत’ हे संकेतस्थळ २०२३ पासून आहे, तिथे कॉलेजच्या आधाराशिवायही नाव नोंदवता येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीच्या सोमनाथ प्रकल्पावर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, दरवर्षी १५ ते २२ मे या काळात श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातून मुलंमुली येतात, एकट्याने जाता येतं, नोंदणी आधी करावी लागते. सकाळी श्रम, दुपारी आणि रात्री व्याख्यानं, गप्पा, गाणी. मात्र विदर्भातला मे आहे हे विसरू नका. डोक्याला दुपट्टा, सोबत ओआरएसची पाकिटं, पांढरे सुती कपडे, आणि परतीचं रेल्वेचं आरक्षण जाण्याच्या आरक्षणाबरोबरच. २२ तारखेनंतर सगळे एकदमच निघतात आणि मग चंद्रपूर किंवा नागपूरहून पुण्या-मुंबईकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.